मागच्या खोलीतलं पाणी

माझ्या सासूबाईंना आमच्या इमारतीत कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना स्टोअरबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. नोकरीत असताना त्या एका कारखान्याच्या कँटीनचं स्टोअर सांभाळायच्या. तेल, डाळी, पीठ, साबण, सगळं त्यांच्या किल्लीखाली. "निवृत्त झाली त्या दिवशी हिने किल्ली साहेबाला दिली आणि स्टोअर घरी आणलं," असं माझे सासरे म्हणायचे. सासरे आता नाहीत. स्टोअर आहे.

आमच्या घरात एक बाहेरची खोली, एक स्वयंपाकघर आणि एक मागची खोली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, मागची खोली आम्हा दोघांना मिळेल. दार उघडलं तर आत तांदूळ. भिंतीला लावलेल्या लोखंडी मांडण्यांवर तांदळाचे डबे, डाळीचे डबे, मीठ, साखर, दुधाची पावडर, बिस्किटांचे पुडे, काडेपेट्या, मेणबत्त्या, साबणाच्या वड्या. खाली जमिनीवर पाण्याचे निळे कॅन, ओळीने, धरायच्या मुठी सगळ्या एका दिशेला वळवलेल्या. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत गादी पसरून झोपणार आणि तांदूळ आत दार लावून झोपणार, अशी एकूण व्यवस्था होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सवय होईल." झाली नाही, पण आता बोलायचा कंटाळा आलाय.

त्यांचा नियम एकच. जुनं पुढे, नवं मागे. बाजारातून आलेली वस्तू मागे जायची, आणि खायला निघायची ती पुढची, सगळ्यात जुनी. नवी सून म्हणून पहिल्याच आठवड्यात मी हाताला लागला तो बिस्किटांचा पुडा फोडला. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो पुडा माझ्या हातातून घेतला, तोंड दुमडून रबर लावलं, पुढचा जुना पुडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा संपला की तो."

आता नियमात चूक काढायला जागा नाही. कँटीनमध्ये रोज शेकडो माणसं जेवायची, तिथे माल भराभर पुढे सरकत असेल. आमच्या घरात खाणारी तोंडं चार, पुढे सासरे गेल्यावर तीन. साठा मात्र कँटीनच्या हिशोबाचा. त्यामुळे कुठलीही वस्तू पुढच्या रांगेत येईपर्यंत तिचा जीव गेलेला असायचा. या घरात आल्यापासून मी कुरकुरीत बिस्किट खाल्लेलं नाही. चहाला मेणबत्तीचा वास येतो, कारण दुधाची पावडर मेणबत्त्यांच्या शेजारी असते. आणि मागच्या रांगेत, हातभर अंतरावर, सगळं ताजं असतं. आम्ही ते पाहतो. ते शिळं झालं की खातो.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आई, एकदाच जुनं सगळं काढून टाकू या ना. मग पुढे ताजंच मिळेल, आणि साठाही राहील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच काढून टाकू या असं मी म्हणाले होते. "टाकायचं?" एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विषय काढला नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. दर महिन्याला एक दिवस पाणी बदलायचा. जुन्या पाण्याने कपडे धुवायचे, फरशी पुसायची, मग कॅन आतून घासायचे, उन्हात पालथे घालायचे, संध्याकाळी भरायचे. भरून झाले की झाकणं. एका वर्षी एका कॅनमध्ये मुंगळे शिरले होते, तेव्हापासून झाकणाच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला. सासरे लेथवर काम करायचे. त्यांनी यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा लाकडी दांडीला बसवून दिला. पट्टा झाकणाभोवती गुंडाळायचा, एका हाताने कॅन धरायचा, दुसऱ्या हाताने दांडी ओढायची. मग ते झाकण माझ्या नवऱ्यालाही नुसत्या हाताने हलत नसे. सासूबाई प्रत्येक झाकण असं आवळायच्या आणि त्यावर तळहात थोपटायच्या. मी मदतीला गेले की ठरलेलं उत्तर मिळायचं, "राहू दे, माझं मी करते."

त्या दिवशी त्यांची पाठ इतकी भरून यायची की रात्री ताट वाढून घ्यायलाही उठवत नसे. भिंतीला टेकून बसायच्या, डोळे मिटून. मला राग यायचा. कशासाठी हे? नळाला रोज पाणी येतं. दुकान खालीच आहे. एखाद्या बाईने आयुष्यभर एवढं ओझं ओढावं आणि त्यातलं कधी कामाला येऊ नये, हे बघून बघून मीच थकले होते.

कशासाठी ते सासऱ्यांनी सांगितलं, जायच्या आधीच्या वर्षी. माझा नवरा तान्हा होता तेव्हा ही मंडळी दुसऱ्या एका इमारतीत राहायची. एकदा पाणी गेलं आणि गेलंच. बाळाला दूध कालवायला घरात पाणी नाही. सासूबाई वरच्या मजल्यावर भांडं घेऊन गेल्या. वरच्या बाईने दिलं नाही असं नाही. दिलं. पण उंबऱ्यात उभं करून, पेल्याने मोजून, अर्धं भांडं, आणि जिन्यातल्या बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मूल घरात आहे तर आधी विचार नको का करायला?" सासूबाई ते अर्धं भांडं घेऊन खाली आल्या.

"तेव्हापासून तिने कुणाच्या दारात पाऊल ठेवलं नाही," सासरे म्हणाले. "माझ्याकडेसुद्धा काही मागत नाही. मीठ हवं असेल तर जेवणावरून उठून जाते." ते हे हसत सांगत होते, पण त्यांचेही डोळे थकलेले होते. मागणं नाही म्हणजे देणंही नाही, हे त्यांच्या वाट्याला आलं होतं. बायकोसाठी एक पट्ट्याची दांडी बनवून दिली, तेवढंच काय ते तिने घेतलं.

समोरच्या दारात कंडक्टरकाका राहतात. आयुष्य बसमध्ये गेलं, त्यामुळे आवाज अजून बसभर आहे. जिन्यात कुणी गप्पा मारत उभं असलं की "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे" असं म्हणत जातात. काकू बऱ्याच वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. काकांचा गुडघा गेलेला, तरी स्वयंपाक, धुणं, काकूंचं सगळं तेच करतात. सासूबाईंना ते म्हणायचे, "स्टोअरबाई, जगबुडी आली की आम्ही दोघं तुमच्याकडेच येणार बरं का, तिकीट काढून ठेवलंय." सासूबाई मान हलवायच्या. हसायच्या नाहीत. मागच्या खोलीची थट्टा त्यांना झेपत नसे.

एकदा पाणी बदलायच्या दिवशी सासूबाई पडल्या. भरलेला कॅन उचलताना पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "झाकणं कुणी लावली?"

"मी," मी म्हटलं. "तुमच्या दांडीनेच. चांगली आवळली आहेत."

त्यांनी जाऊन डाव्या हाताने प्रत्येक झाकण चाचपून पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे पसंत पडलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही दिवसभर एकट्या असता. एक कॅन सैल करून ठेवते."

"उघडलेलं पाणी साठ्यातलं राहत नाही," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी आहे ना? मग कशाला?"

मी हात टेकले.

प्लास्टरमधल्या त्या दिवसांत त्या अचानक म्हाताऱ्या दिसायला लागल्या. वेणी मी घालून द्यायची. त्या पाठमोऱ्या बसायच्या आणि केस ओढले गेले तरी हूं की चूं करायच्या नाहीत. जेवताना डाव्या हाताने सांडायचं, ते मी बघायच्या आत पुसून टाकायच्या. मी काही केलं की "झालं, झालं, पुरे" म्हणायच्या. सांगते, आजारी माणसाची सेवा करणं कठीण नाही. जे माणूस सेवा करून घ्यायला तयार नाही, त्याची सेवा करताना नाकी नऊ येतात.

मग तो दिवस आला. नवरा माल घेऊन गाडीवर परगावी गेलेला. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, रुग्णांना आत सोडते, फोन घेते. सकाळी नळाला पाणी होतं तेव्हाच मी निघाले होते. त्यानंतर कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली आणि अर्ध्या शहराचं पाणी गेलं. आमच्या दवाखान्यात टाकी होती, त्यामुळे मला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा मी काळजी केली नाही. उलट, खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं त्या खोलीचं चीज झालं. आज सगळ्या इमारतीत आमच्याच घरी पाणी असणार.

संध्याकाळी आले तर जिन्यात बादल्यांची ये-जा चालली होती. लांबच्या चौकात टँकर आला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कंडक्टरकाका पायरीवर बसलेले दिसले. शेजारी पाण्याची अर्धी बादली. कपाळावरून घाम निथळत होता आणि गुडघा दोन्ही हातांनी धरलेला. मी बादली उचलायला वाकले तर म्हणाले, "असू दे पोरी, दम खातोय. तू जा, तुझी सासू एकटी आहे." 'पुढे चला' म्हणाले नाहीत. मी तरी बादली वर नेऊन त्यांच्या दाराशी ठेवली. मला कळेना, समोर आमचं घर असताना हा माणूस टँकरला कशाला गेला.

दार उघडून आत आले. बाहेरच्या खोलीत कुणी नाही. मागच्या खोलीत सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, प्लास्टरचा हात मांडीवर. समोर एक कॅन आडवा पडलेला. त्याच्या झाकणाभोवती पट्टा गुंडाळलेला, दांडी लोंबकळत होती. शेजारी एक फडकं, एक चिमटा, आणि उलथनं. झाकणाच्या कडेवर ओरखडेच ओरखडे होते. त्यांनी डाव्या हाताने प्रयत्न केला होता, कॅन गुडघ्यांत धरून केला होता, दांडीवर पाय देऊनही केला असावा. झाकण तसंच होतं. मीच आवळलेलं.

"आई, पाणी प्यायलात की नाही?"

त्यांनी मान हलवली. ओठ पांढरे पडले होते. "सकाळी भांड्यात होतं तेवढं गोळीबरोबर घेतलं."

"म्हणजे दिवसभर...?" भोवती पाण्याचे एवढे कॅन आणि मधोमध ही बाई कोरड्या तोंडाने बसलेली. मला कीव आली नाही, संताप आला. पर्समधली माझी बाटली काढली, तिच्यात घोट-दोन घोट उरले होते, ते त्यांच्या तोंडाला लावले. आणि मग मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा सासूवर ओरडले.

"मला फोन करता येत नव्हता? समोर हाक मारता येत नव्हती? 'एवढं झाकण उघडून द्या' म्हणायला काय जीभ झडत होती का? काका तिकडे जिन्यात पाय धरून बसलेत, त्यांनाही पाणी मिळालं असतं!"

"ते आले होते," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"कंडक्टर भावजी. दुपारी. पाण्याचा रिकामा जग घेऊन आले होते. म्हणाले, हिला औषध द्यायचंय, थोडं पाणी असलं तर बघा." त्या थांबल्या. "मी दारातूनच नाही म्हटलं."

"नाही म्हणजे?"

"पाणी नाही म्हटलं. दार लावलं." त्या कॅनकडे बघत होत्या. "मग त्यांचा पाय जिन्यावर वाजत होता. एक पायरी उतरायचे, थांबायचे. मी इथे बसून ऐकत होते."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. नुसती थकून गेले मी. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. बाहेर जिन्यात बादल्या आपटत होत्या. चिक्कूपणा केला असं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. या बाईने तो सगळा कॅन त्या माणसाला देऊन टाकला असता. फक्त त्यासाठी 'मला उघडत नाही' एवढं म्हणावं लागलं असतं.

मग मी उठले, पट्टा नीट गुंडाळला आणि कॅनला हात घातला.

"तू उघडू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"आता काय आणखी? तुम्हाला पाणी हवंय ना?"

"हवंय. पण तू उघडू नकोस." त्यांनी डावा हात भिंतीला टेकला आणि उठायला लागल्या. मी आधार दिला. या वेळी त्यांनी हात झटकला नाही. पदर सारखा करायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी सारखा करून दिला.

समोरच्या दारापर्यंत चार पावलं असतील, पण त्यांना फार वेळ लागला. दारावर थाप मारली ती इतकी हळू की मलाच दुसऱ्यांदा वाजवावी लागली. काकांनी दार उघडलं. ओल्या बाह्या, खांद्यावर पंचा.

"या स्टोअरबाई. काय, पाणी हवंय? टँकरचं आहे थोडं, गाळून ठेवलंय. बसा, देतो."

मी मान खाली घातली. सासूबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. काका एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे पाणी आहे. दुपारीही होतं. झाकण उघडत नव्हतं मला. एका हाताने होत नाही ते. तुम्हाला तसं सांगता आलं नाही, म्हणून नाही म्हटलं." मग एक दम घेतला. "येऊन उघडून द्याल का?"

काकांनी पंच्याने हात पुसले आणि लंगडत आमच्या घरात आले. मागच्या खोलीत घरच्यांशिवाय कुणाला पाय ठेवताना मी तरी पाहिलं नव्हतं. ते इकडेतिकडे न बघता खाली बसले, कॅन उभा केला, मी पट्टा कसा धरायचा ते दाखवलं, त्यांनी दांडी ओढली. झाकण करकरलं आणि सुटलं.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काकांनी झाकण बाजूला ठेवलं, पण पाणी काढलं नाही. त्यांची नजर झाकणावरच्या ओरखड्यांवर गेली, उलथन्यावर गेली, मग सासूबाईंच्या ओठांवर.

"वहिनी," ते म्हणाले. स्टोअरबाई नाही, वहिनी. आवाज अगदी लहान झाला होता. "दुपारी मी दाराशी उभा होतो, तेव्हा तुम्हालाही तहान लागली होती का हो?"

"हो," सासूबाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसायला उजवा हात वर यायचा आणि प्लास्टर गालाला लागायचं.

काकांनी मला ग्लास मागितला. मी आणला. त्यांनी कॅन कलता करून तो काठोकाठ भरला, थोडं पाणी फरशीवर सांडलं, आणि ग्लास सासूबाईंच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. मग रिकामा ग्लास त्यांनी काकांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, "अजून द्या."